खोल शिरांतील गुठळी आणि सक्तीच्या विश्रांतीचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला खाटेवरून उठवून चालायला लावले, की नातेवाइकांना तो निर्दयपणा वाटतो. परंतु या घाईमागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा अनुभव आहे.

पायांतील रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटरीचे स्नायू आवळल्यामुळे. ही हालचाल थांबली की खोल शिरांतले रक्त रेंगाळते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. फुप्फुसातील अशी गुठळी तिथेच तयार होत नसून दूरच्या शिरांतून वाहत येते, हे बर्लिनचे वैद्य रुडॉल्फ विरचो यांनी १८४६ च्या सुमारास शवविच्छेदने व प्राण्यांवरील प्रयोग यांच्या आधारे दाखवले. मंदावलेला प्रवाह, शिरेच्या भिंतीला झालेली इजा आणि रक्ताची वाढलेली गोठणशीलता ही कारणांची त्रयी आज त्यांच्या नावाने शिकवली जाते. वास्तविक त्या स्वरूपात ती विसाव्या शतकात इतरांनी मांडली.

कारण उमगले, तरी शस्त्रक्रियेनंतर वा बाळंतपणानंतर रुग्णाला अनेक दिवस निजवून ठेवण्याची पद्धत पुढेही दीर्घकाळ टिकली. स्थिर बसण्याचा धोका ठळकपणे दिसला तो रुग्णालयाबाहेर. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू असताना लोक तळघरांतील आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर रात्र काढत. फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सहापट झाल्याचे न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांच्या लक्षात आले. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी गुडघ्यामागे रुतून शिरा दाबत होती. त्यांनी आडवे झोपण्यासाठी फळ्यांची सोय करण्याचा आग्रह धरला. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण ही माणसे आजारी नव्हती.

रक्त गोठू न देणारी औषधे मात्र योगायोगाने मिळाली. हेपारिनचा माग १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात लागला. वॉरफरिन हे तर सडलेल्या गवताने रक्तस्राव होऊन मरणाऱ्या गुरांच्या शोधातून निघाले आणि १९४८ मध्ये आधी उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. या औषधांनी गुठळीवर उपचार होऊ लागले. ती होण्याआधीच रोखता येते, हे मोठ्या प्रमाणावर दाखवले लंडनमधील भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय वीर कक्कर यांच्या नेतृत्वाखालील बहुराष्ट्रीय चाचणीने. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चाळिशीपुढील ४,१२१ शस्त्रक्रिया-रुग्ण होते. हेपारिन न मिळालेल्या गटात शवविच्छेदनाने सिद्ध झालेले फुप्फुसगुठळीचे मृत्यू १६, तर अल्प मात्रेत ते मिळालेल्या गटात २.

ज्यांना रक्तस्रावाच्या भीतीने असे औषध देता येत नाही, त्यांच्या पायांवर आज हवेने फुगणाऱ्या पट्ट्या बांधतात. त्या ठरावीक वेळाने पोटरी आवळतात आणि सोडतात.