कमी किलोमीटरचं जुनं इंजिन: खुलासा

‘कमी किलोमीटर चाललेलं वापरलेलं इंजिन बसवा, जुनी गाडी नव्यासारखी होईल’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पटण्यासारखंच आहे, पण अर्धवट खरं.

किलोमीटरचा आकडा गाडीच्या मीटरवर असतो, इंजिनवर नाही. इंजिन उतरवलं की तो आकडा फक्त सांगण्यापुरता उरतो. शिवाय बराच काळ पडून राहिलेल्या इंजिनात रबरी सील कडक होतात, सिलिंडरच्या भिंतींना गंज चढू शकतो, पिस्टनवरच्या रिंगा (दाब धरून ठेवणाऱ्या कड्या) अडकतात.

म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर बहुधा रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि हेडमधल्या सीलवर) संशय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं असू शकतं.

ब्लॉकवर (इंजिनच्या मुख्य धडावर) कोरलेला इंजिन कोड गाडीशी जुळवून पाहा. आणि इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील बदला. इथे काटकसर अजिबात नको. नंतर त्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.