देवबाग

देवबाग : महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (ता. मालवण) किनारी गाव व पर्यटनस्थळ. तारकर्लीच्या दक्षिणेस, पश्चिमेकडील अरबी समुद्र आणि पूर्वेकडील कर्ली नदीची खाडी यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ते लांबट वसले आहे. पट्टीच्या टोकाशी कर्ली समुद्रास मिळते. या जागेस संगम म्हणतात. पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे दिसते. माड, सुरू आणि पुळण यांमुळे गावाला निवांतपणाची ख्याती लाभली, मात्र नाताळच्या सुटीत ती फारशी खरी ठरत नाही.

संगमाजवळच्या वाळूच्या दांड्यास ‘सुनामी बेट’ असे नाव पडले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तो वर आला, असे होडीवाले सांगतात. तथापि त्या लाटा श्रीलंका व भारताच्या दक्षिण टोकास वळसा घालून पश्चिम किनाऱ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा जोर बराच ओसरला होता. नदीचा गाळ आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने वाहत येणारी वाळू साचून नदीमुखाशी दांडे तयार होणे, त्यांनी जागा बदलणे, ही नित्याची क्रिया आहे. त्यामुळे सुनामीने फार तर मूळच्या दांड्याचा आकार बदलला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भरतीच्या वेळी दांड्याचा बराच भाग पाण्याखाली जात असल्याने ‘बेट’ ही संज्ञाही सैलच आहे.

येथे पॅरासेलिंग, जेट स्की व डॉल्फिनदर्शनाच्या फेऱ्या चालतात. स्कूबा डायव्हिंगसाठी मालवण–तारकर्ली परिसर विशेष प्रसिद्ध असून पोहता न येणाऱ्यासही प्रशिक्षक सोबत राहून उथळ पाण्यातील खडकांपर्यंत नेतो. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो. त्यामुळे थोडेसे उतरताच कान दुखू लागतात आणि नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारावी लागते. खुणेसाठी अंगठा वर करण्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नसून ‘वर चला’ असा असतो, ही गोष्ट नवख्यांना आधीच बजावली जाते. पावसाळ्यात गढूळ पाणी व खवळलेला समुद्र यांमुळे हे उपक्रम बंद असतात. पाण्यातील दृश्यता साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चांगली असते.

जवळच, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य (क्षेत्रफळ सुमारे २९ चौ. किमी.) आहे. देवबागमध्ये रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) मासेमारी पूर्वापार चालत आली आहे. समुद्राकडील बाजूची सतत धूप होत असल्याने तेथे दगडी बंधारे घालण्यात आले आहेत.