वादग्रस्त मजकुराची भर (विकिपीडिया)

ज्याच्या खरेपणावर, महत्त्वावर किंवा मांडणीवर इतर संपादक हरकत घेतील, असा मजकूर विकिपीडियावरील लेखात घालणे. लेख जसा कुणालाही संपादता येतो, तशी दुसऱ्याची भर उलटवताही येते, म्हणजे ती काढून लेख पूर्ववत करता येतो. त्यामुळे असा मजकूर लिहिणे सोपे, टिकवणे अवघड.

२००१ साली सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियावर पुराव्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्याची असते, काढणाऱ्याची नव्हे. नवख्यांचे बिनसते ते बहुधा इथेच. ‘माझे खरे आहे, खोटे असेल तर दाखवून द्या’ हा पवित्रा तिथे चालत नाही. बरे, संदर्भ दिला म्हणजे मजकूर राहिलाच पाहिजे असेही नाही. एखाद्या किरकोळ आरोपाने निम्मा लेख व्यापला, तर संदर्भ पक्का असूनही तो छाटला जातो.

बरीच भांडणे शब्दांवरच मिटतात. ‘हा प्रकल्प साफ फसला’ हे वाक्य फार काळ टिकत नाही. ‘लेखापरीक्षण अहवालानुसार प्रकल्पाचा खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला’ हे टिकू शकते, कारण इथे अहवाल बोलतो, संपादक नाही. ‘अनेकांच्या मते’ ही पळवाटही उपयोगाची नाही. हे अनेक कोण, असे कुणीतरी विचारतोच.

भर उलटवली गेली, तर ती पुन्हा न घालता चर्चापानावर (लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर) जावे, अशी रीत आहे. ती मोडली की संपादनयुद्ध, म्हणजे एकमेकांची भर वारंवार उलटवणे, पेटते. एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्यावर प्रचालक (जादा अधिकार असलेले संपादक) बंदी घालू शकतात. आणि तीन वेळा उलटवणे हा कुणाचा हक्क नव्हे, हेही नियमात लिहावे लागले आहे. फार तापलेली पाने ३० दिवस जुने खाते आणि ५०० संपादने असलेल्यांपुरतीच खुली ठेवतात.

जिवंत व्यक्तींबाबत सवलत नाही. अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथालर यांचा केनेडी-हत्येशी संबंध जोडणारा खोटा मजकूर २००५ मध्ये चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. आता व्यक्तिलेखातला बिनसंदर्भ वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढला जातो.

वादाला मोठा आरोपच लागतो असे नाही, नावही पुरते. पोलंडमधील ग्दान्स्क शहराला जुने जर्मन नाव डान्झिग केव्हा वापरावे, यावर संपादक दीर्घकाळ झुंजत होते. २००५ मध्ये मतदान घेऊन ठरले: १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क.