३२ जीबीची अट कुठून आली?

लग्नाचं शूटिंग विंडोजवर उतरवायचं, एडिटिंग सदाशिव पेठेतल्या स्टुडिओत मॅकवर करायचं आणि डिस्क एकच. पुण्याच्या तपकीर गल्लीत अशा कामासाठी चार टीबीची डिस्क मागितली तर 'एक्सफॅट करून घ्या' हा सल्ला मिळतो. एक्सफॅट, फॅट-३२ ही डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींची नावं. सल्ला योग्यच आहे. पण त्याला जोडून 'फॅट-३२ तर ३२ जीबीपुढे जातच नाही' असं सांगितलं जातं, ते चूक आहे.

फॅट-३२ आलं १९९६ मध्ये, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर. नावातले ३२ हे जीबी नव्हेत. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचं कोष्टक फॅट ठेवतं; त्यातली प्रत्येक नोंद ३२ बिटांची असते, आणि त्या ३२ पैकी २८ बिट प्रत्यक्ष वापरात येतात. नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर (डिस्कचा सर्वांत लहान तुकडा) ही व्यवस्था २ टीबीपर्यंत चालते. विंडोज ९८ मध्ये ३२ जीबीची अट नव्हतीच. ती आली विंडोज २००० पासून, आणि तीही फक्त फॉरमॅट करण्याच्या साधनात. लिनक्सवर फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली ५०० जीबीची डिस्क तेच विंडोज बिनतक्रार वाचतं, तिच्यावर लिहितंही.

या अटीचं समर्थन असं की डिस्क मोठी तसा क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा किमान तुकडा, मोठा, आणि मग दोन केबीच्या फाइललाही ३२ केबी जागा जाते. हे खरं आहे. पण पुढे एक्सफॅटने ३२ जीबीवरच्या डिस्कला मुळातच १२८ केबीचा क्लस्टर दिला, तेव्हा जागा वाया जाण्याचं कारण कुणी पुढे केलं नाही. विंडोजमधली फॉरमॅट करण्याची खिडकी लिहिणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या माजी अभियंत्याने २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं, की खिडकी तात्पुरती म्हणून केली होती आणि ३२ चा आकडा ती लिहिली त्या सकाळी आपल्याच अंदाजाने ठरवला. त्याच वर्षी विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांडवरून २ टीबीपर्यंत फॉरमॅटची सोय झाली. मधली दोन दशकं लोक विंडोजच्याच एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीकडे वळत राहिले, आणि एनटीएफएसची डिस्क मॅक मुळात वाचतो फक्त, तिच्यावर लिहीत नाही.

फॅट-३२ ची खरी अडचण फाइलच्या आकाराची. एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी, म्हणजे वरातीचं सलग चित्रीकरण तिथे मावत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे २००६ चं एक्सफॅट. मॅकवर ते २०१० च्या अखेरीस आलं. लिनक्सच्या गाभ्यात यायला त्याला पेटंटमुळे २०१९ पर्यंत थांबावं लागलं, त्या वर्षी त्याचा तपशील खुला झाला. जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी त्याची टिपण ठेवणारी वही, मात्र एक्सफॅटला आजही नाही. कॉपी चालू असताना केबल निघाली, तर अर्धवट राहिलेली नोंद सावरायला त्याच्याकडे काही नसतं.