‘हाय गाईज’मधला गाय कोण?

मराठी यूट्यूबवरचे कितीतरी व्हिडिओ ‘हाय गाईज’ने सुरू होतात. ऑफिसच्या ग्रुपवरही हीच हाक असते. इंग्रजी बोलीतला हा ‘गाय’ मुळात एका माणसाचं नाव आहे. ते सगळ्यांच्या तोंडी रुळलं, कारण त्या माणसाचा पुतळा इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं जाळला गेला.

गाय फॉक्स १५७० साली यॉर्कमध्ये जन्मला. पुढे तो कॅथलिक झाला, स्पेनच्या फौजेतून नेदरलँड्समध्ये लढला आणि स्वतःला ‘ग्विदो’ म्हणवू लागला. इंग्लंडमध्ये तेव्हा प्रोटेस्टंट चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकांना दंड भरावा लागे. पहिला जेम्स गादीवर आला तरी हा जाच सुटेना, तेव्हा रॉबर्ट केट्सबीने संसदच राजासकट उडवून द्यायचा कट रचला. म्होरक्या केट्सबी होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. फॉक्सला सुरुंगाच्या दारूची जाण होती, म्हणून तळघरातली ३६ पिंपं त्याच्या हवाली होती. एका निनावी पत्राने कट फुटला आणि ४ नोव्हेंबर १६०५च्या मध्यरात्रीच्या सुमारास तो पकडला गेला. नाव विचारल्यावर त्याने ‘जॉन जॉन्सन’ असं सांगितलं.

टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याचा छळ झाला. त्याच्या जबानीखालच्या दोन सह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. छळानंतर लगेचची सही इतकी कापरी आणि पुसट आहे की ‘ग्विदो’ ही अक्षरं जेमतेम लागतात. काही दिवसांनंतरची सही बरीच सावरलेली दिसते. कटापेक्षा या दोन सह्यांमधलं अंतर जास्त अस्वस्थ करतं. ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला देहदंड झाला.

त्याच वर्षी संसदेने ५ नोव्हेंबरला देवाचे आभार मानण्याचा कायदा केला. तो १८५९पर्यंत टिकला. त्या रात्रीच्या होळीत आधी बहुधा पोपचा पुतळा जळायचा, पुढे फॉक्सचा. आपल्याकडे पोरं शिमग्याची वर्गणी मागत फिरतात, तशी तिथली पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून केलेला ‘गाय’ घेऊन ‘पेनी फॉर द गाय’ म्हणत फिरायची. त्या बुजगावण्यावरून एकोणिसाव्या शतकात गबाळ्या, विचित्र कपड्यांतल्या माणसाला ‘गाय’ म्हणू लागले. यॉर्कच्या ज्या सेंट पीटर्स शाळेत फॉक्स शिकला, तिथे मात्र त्याचा पुतळा जाळत नाहीत.

अमेरिकेत या शब्दातली हेटाळणी गळून पडली आणि कुठलाही पुरुष ‘गाय’ झाला. विसाव्या शतकात ‘यू गाईज’मध्ये बायकाही आल्या. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, इंग्रजीत दोन्हींना ‘यू’ एकच. समोर एक आहे की अनेक, हे सांगायला काहीतरी हवंच होतं आणि ती सोय ‘गाईज’ने केली. आता हा शब्द पुरुषी वाटतो म्हणून काही जण तो टाळतात. माझ्या मते त्यांचा आक्षेप रास्त आहे, पण ही गरज भागवणारा इतका सुटसुटीत दुसरा शब्द मिळेपर्यंत ‘गाईज’ हटणं कठीण.