एका 'एच'चा निकाल: व्हांगानुई आणि माओरी नावांचा वाद

डिसेंबर 2009 मध्ये न्यूझीलंडच्या भूमी-माहिती खात्याच्या मंत्र्यांनी एका अक्षराचा निकाल दिला. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नदीच्या मुखाशी वसलेल्या चाळीसेक हजार वस्तीच्या शहराचं नाव 'वांगानुई' लिहायचं की 'व्हांगानुई', म्हणजे रोमन लिपीत डब्ल्यूपुढे एच लावायचा की नाही, हा तो प्रश्न. मंत्र्यांनी सांगितलं, दोन्ही चालतील. सरकारी खाती मात्र एच लावतील. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, नावं परत आणावीत की नाहीत यावर आज तिथे जे काही बोललं जातं, त्यातला जवळपास प्रत्येक मुद्दा या एका निकालाच्या आगेमागे येऊन गेलेला आहे.

मुळात नाव माओरीच होतं. वसाहत उभी करणाऱ्या कंपनीने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या एका संचालकाच्या नावावरून या गावाला 'पीटर' म्हणायला सुरुवात केली. पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि 1854 मध्ये जुनं नाव अधिकृतपणे परत आलं. गोऱ्या वस्तीकरांनाच ते हवं होतं. म्हणजे माओरी नाव नको, असं या शहरात कुणी म्हणतच नव्हतं. भांडण होतं ते नाव कसं लिहायचं, हे ठरवण्याचा हक्क कुणाचा यावर.

इथे उच्चाराचा गुंता समजून घ्यायला हवा, कारण दोन्ही बाजूंनी तो आपापल्या सोयीने वापरला. माओरीचं रोमन लेखन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलं. 'डब्ल्यू-एच' ही जोडी बहुतेक ठिकाणी आपल्या 'फ'च्या जवळपास उच्चारली जाते. पण या नदीच्या खोऱ्यातली बोली वेगळी. इथे 'फ' नाही. 'व' येतो आणि त्याला लागूनच घशात एक हलकी अडखळ. वस्तीकरांच्या कानांना ती अडखळ ऐकू आली नाही, त्यांनी नुसता 'डब्ल्यू' लिहिला. पुढे दीडशे वर्षं नकाशे, टपालाचे शिक्के, शाळांच्या पाट्या, रग्बी संघाची जर्सी, सगळीकडे तसंच चाललं. एचचे विरोधक म्हणायचे, स्थानिक माओरीच 'वांगानुई' म्हणतात, मग एच कशाला? त्याला जमातीतल्या जाणत्यांचं उत्तर असं, की आम्ही 'वांगानुई' म्हणत नाही, तुम्हाला तसं ऐकू येतं. एच लावला तर 'मोठं आखात' किंवा 'मोठं नदीमुख' असा अर्थ लागतो. एच काढला तर त्या शब्दातून काहीच निघत नाही. माझ्या मते वाद इथेच मिटायला हवा होता. ज्यांची भाषा आहे, त्यांनी आपला शब्द कसा लिहावा हे सांगितल्यावर बाकीच्यांनी मतदान कशावर करायचं?

पण मतदान झालं, तेही दोनदा. त्याआधीचा संदर्भ थोडक्यात असा. नदीचं नाव 1991 मध्येच एचसह झालं होतं, म्हणजे पुढची अठरा वर्षं नदीचं स्पेलिंग वेगळं आणि तिच्या काठच्या शहराचं वेगळं. 1995 मध्ये शहरातल्या नदीकाठच्या बागेत स्थानिक माओरींनी 79 दिवस ठिय्या दिला. ती जागा, तिथले वसाहतकालीन पुतळे आणि एकूणच जमिनीचे जुने दावे हे विषय तेव्हापासून धुमसत होते. एचच्या वादात जो कडवटपणा दिसला, त्याची मुळं या बागेत आहेत.

2006 मध्ये नगर परिषदेने सार्वमत घेतलं. 82 टक्क्यांनी एचशिवायच्या नावाला पसंती दिली. फेब्रुवारी 2009 मध्ये तिथल्या एका जमातीच्या संस्थेने देशाच्या भौगोलिक नावांच्या मंडळाकडे रीतसर अर्ज केला. मार्चमध्ये मंडळाने अर्जात तथ्य असल्याचं मान्य केलं आणि हरकती-सूचना मागवल्या. मे महिन्यात परिषदेने पुन्हा सार्वमत घेतलं. त्यात सुमारे 77 टक्के लोक बदलाच्या विरोधात गेले, बाजूने 22 टक्के. मंडळाकडे आलेल्या सूचनांमध्ये मात्र दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत होत्या, विरोधकांची संख्या किंचित जास्त. शहरातल्या मतपेट्यांतली तफावत तिथे दिसली नाही, ही गोष्ट बातम्यांमध्ये फारशी आली नाही.

शहराच्या तेव्हाच्या महापौरांनी विरोधाचं नेतृत्व केलं. ओटाकी गावच्या माओरी माध्यमाच्या शाळेतल्या मुलांनी त्यांना एचच्या बाजूने पत्रं लिहिली. महापौरांनी उलटटपाली कळवलं, की माओरी समाजातले बालअत्याचार आणि बालहत्या या खऱ्या प्रश्नांवर तुम्ही बोललात, तरच तुमचं म्हणणं गांभीर्याने घेईन. शाळकरी मुलांना पाठवलेलं हे उत्तर देशभर गाजलं. विरोधकांच्या सगळ्याच मुद्द्यांना त्यामुळे काळिमा लागला, आणि त्यातले काही मुद्दे खरोखर विचार करण्याजोगे होते. पिढ्यानपिढ्या आपल्या गावाचं नाव एका पद्धतीने लिहिणाऱ्या माणसाला ते चूक होतं असं एकाएकी सांगितलं, तर त्याला लागणारच. दुकानाच्या पाटीपासून लेटरहेडपर्यंत खर्च होता. दोन सार्वमतांचा कौल होता. या कौलाचं काय करायचं, हा लोकशाहीत टाळता न येणारा प्रश्न आहे.

मंडळाने सप्टेंबर 2009 मध्ये निर्णय घेतला: एच लावावा. हरकती आलेल्या असल्याने, 2008 च्या कायद्यानुसार अंतिम शब्द मंत्र्यांचा होता. शिफारस मान्य करणं, फेटाळणं किंवा तिच्यात बदल करणं, हे तिन्ही मार्ग त्यांना खुले होते. त्यांनी तिसरा निवडला.

या तिसऱ्या मार्गाचं नाव 'पर्यायी नाव'. न्यूझीलंडच्या नामव्यवस्थेत सगळ्यात जास्त घोळ याच संज्ञेने घातला आहे, कारण तिच्या शेजारीच 'जोडनाव' नावाचा दुसरा प्रकार आहे आणि बातमीदारही त्यांची सरमिसळ करतात. जोडनावात दोन्ही नावं एकत्रच लिहावी लागतात. 1998 च्या दक्षिण बेटावरच्या जमातीशी झालेल्या तडजोडीच्या कायद्यातून आलेलं 'आओराकी / माउंट कुक' हे त्याचं ठळक उदाहरण. देशातलं सर्वांत उंच शिखर, आणि माओरी नाव आधी. अधिकृत लेखनात त्यातलं अर्धं नाव गाळायची मुभा नाही. पर्यायी नावात मात्र जो तो आपल्याला हवं ते उचलतो. ज्याला बदलायचं नाही त्याचं काहीच बदलत नाही.

व्हांगानुईत नेमकं तेच झालं. पोलीस ठाणं, रुग्णालय, केंद्राची कार्यालयं एच लावू लागली. परिषद आणि बरेचसे व्यापारी जुन्याच स्पेलिंगवर राहिले. एकाच रस्त्यावर दोन स्पेलिंगं. तडजोड म्हणून हे शहाणपणाचं होतं, असं आजही काही जण म्हणतात. दुखावलेल्यांना सावरायला वेळ मिळाला, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मंडळाने सगळं तपासून बरोबर ठरवलेलं नाव सरकार स्वतःपुरतं पाळतं आणि नागरिकांना ऐच्छिक ठेवतं, याचा अर्थ चूक चालू ठेवायला राजपत्राची मान्यता मिळाली, असाच होतो.

निकाल बदलला तो शहरातूनच. महापौर बदलले, परिषदेतले चेहरे बदलले आणि ज्या परिषदेने दोनदा सार्वमत घेतलं होतं, तिनेच पुढे जिल्ह्याच्या नावात एच मागितला. नोव्हेंबर 2015 मध्ये ती मागणी मान्य झाली. जिल्हा अधिकृतपणे 'व्हांगानुई' झाला. सुमारे सव्वा वर्षाने, मार्च 2017 मध्ये, या नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा देणारा कायदा संसदेने केला. आपल्याकडे हे नाव बहुतेकांच्या कानावर आलं ते तेव्हा, कारण त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला असाच दर्जा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला पुढे स्थगिती दिली. न्यूझीलंडचा कायदा टिकून आहे.

'दोन्ही चालतील' हा तोडगा 2009 मध्ये नवा नव्हता. शेजारच्या तारानाकी पर्वताला 1770 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या एका माजी प्रमुखाच्या नावावरून 'एग्मंट' म्हटलं गेलं होतं. 1986 मध्ये तेव्हाच्या मंत्र्यांनी तिथेही दोन्ही नावं ग्राह्य ठरवली, तेव्हाही आरडाओरडा झालाच. जानेवारी 2025 च्या कायद्याने एग्मंट गेलं आणि 'तारानाकी माउंगा' एवढंच उरलं. मधे 39 वर्षं गेली. देशाच्या दोन मोठ्या बेटांची इंग्रजी नावं तर कधी अधिकृत झालीच नव्हती, हे 2009 मध्ये मंडळाच्या लक्षात आलं. 2013 पासून 'ते इका-आ-माउई' आणि 'ते वाइपोउनामु' ही त्यांची पर्यायी नावं आहेत. 2019 मध्ये आठशेहून अधिक नावांवर दीर्घ स्वराची आडवी रेघ अधिकृत झाली, आणि त्यावर कुठे सार्वमत झालं नाही.

सप्टेंबर 2021 मध्ये एका माओरी पक्षाने थेट देशाचं नाव 'आओतेआरोआ' करावं आणि 2026 पर्यंत सगळ्या शहरांची मूळ नावं परत आणावीत, अशी याचिका काढली. सत्तर हजारांहून अधिक सह्या झाल्या. क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेलं हॅमिल्टन या यादीत येतं, मूळ 'किरिकिरिरोआ'. ज्या नौदल कप्तानाचं नाव गावाला दिलं तो 1864 मध्ये माओरींशी लढताना मारला गेला, गाव वसण्याच्या आधीच. त्याचा पुतळा 2020 मध्ये हटवला, नाव कायम आहे. 'आओतेआरोआ'बद्दल माओरींमध्येही एकमत नाही; दक्षिण बेटावरच्या काहींच्या मते हे नाव परंपरेने उत्तर बेटाचं.

2023 च्या अखेरीस आलेल्या आघाडी सरकारने करारातच लिहून ठेवलं, की सरकारी खात्यांची नावं आधी इंग्रजीत असतील. पारपत्रावर 2021 मध्ये वर गेलेलं 'आओतेआरोआ' पुन्हा इंग्रजी नावाखाली घ्यायचंही 2025 मध्ये ठरलं. व्हांगानुईचा एच मात्र या सरकारनेही तसाच ठेवला आहे.