पाणी चालेल, मासा नको: अल्माडेनच्या पाऱ्याची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या दक्षिणेला अल्माडेन, ग्वाडालुपे आणि कॅलेरो ही तीन छोटी धरणं आहेत. सिलिकॉन व्हॅलीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा परिसर काही परका नाही. गळ टाकणाऱ्यांसाठी तिथे पाट्या लावल्या आहेत: माशांत पारा आहे, खाऊ नका. यातल्या कॅलेरोचं पाणी मात्र शुद्ध करून पिण्यासाठी वापरलं जातं. मग पाणी चालतं आणि त्यात वाढलेला मासा चालत नाही, हे कसं?

याचं मूळ धरणांशेजारच्या टेकडीत आहे. तिथला लाल दगड या भागातले मूळ रहिवासी ओहलोनी लोक अंग रंगवायला वापरत. हा आपला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. 1824 मध्ये काही जणांनी त्यातून चांदी काढायचा प्रयत्न केला. चांदी निघाली नाही. 1845 मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने तो दगड ओळखला. त्याने निखाऱ्यांवर दगडाची पूड टाकली आणि वर पेला उपडा धरला, तेव्हा पेल्याच्या आत पाऱ्याचे थेंब जमले, असं सांगतात. स्पेनमधल्या प्रसिद्ध खाणीवरून या जागेला न्यू अल्माडेन म्हणू लागले.

तीनच वर्षांनी, 1848 मध्ये, सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी सोनं सापडलं. रेतीतले सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवतो, त्यामुळे खाणीचं नशीब उघडलं. तिच्या मालकीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1863 मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, खुद्द लिंकनने ती ताब्यात घ्यायचा हुकूम काढला, आणि स्थानिक विरोध पाहून तो मागेही घेतला. या खाणीतून एकूण दहा लाखांहून अधिक फ्लास्क पारा निघाला. एका फ्लास्कमध्ये साधारण साडेचौतीस किलो. सिएरातल्या सोन्याच्या कामात त्या काळी किमान 45 लाख किलो पारा वाहून गेला असावा, असा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा अंदाज आहे. त्यामुळे तिकडच्या धरणांतल्या माशांचीही हीच कथा आहे.

इकडे टेकडीवर दगड भट्टीत भाजत, पाऱ्याची वाफ थंड करून भरून घेत आणि उरलेली खर, म्हणजे भाजलेल्या दगडाचा चुरा, ओढ्याकाठी ओतत. खरीत थोडा पारा राहायचाच. दर पावसाळ्यात तो खाली उतरत गेला.

धरणं आली 1935 मध्ये, तीही वेगळ्याच गरजेपोटी. फळबागांसाठी इतका उपसा झाला होता की भूजल आटून सॅन होजेची जमीन खचू लागली होती. ओढे अडवून पाणी पुन्हा जमिनीत मुरवायचं, असा बेत होता. बांधणाऱ्यांना दोष देववत नाही. पाऱ्याची वाफ घातक असते हे भट्टीवरच्या मजुरालाही ठाऊक होतं. गाळातल्या पाऱ्याचं काय होतं, हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. 1956 मध्ये जपानच्या मिनामाता गावातली मासे खाणारी माणसं आजारी पडल्याचं उघड झालं, पण तिथे मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं विषारी संयुग थेट कारखान्याच्या सांडपाण्यातूनच येत होतं. गाळातले जीवाणू साध्या पाऱ्यापासून तेच विष बनवू शकतात, हे येन्सेन आणि येर्नेलोव या संशोधकांनी 1969 मध्ये दाखवलं.

उन्हाळ्यात धरणाचं वरचं पाणी तापतं, तळाचं गार राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपतो. या जीवाणूंना हेच हवं असतं. त्यांनी बनवलेलं विष शेवाळात जातं, तिथून सूक्ष्म जीवांत, मग लहान माशांत आणि शेवटी लार्जमाउथ बाससारख्या शिकारी माशात साठतं. प्रत्येक पायरीला ते वाढत जातं. पाण्यात जेमतेम मोजता येईल इतकं असलेलं विष मोठ्या माशात लाखो पटींनी जास्त भरतं. शिवाय ते चरबीत नाही, मांसातल्या प्रथिनांत बसतं. त्यामुळे कातडी सोलून, तळून, उकळून काही उपयोग नाही.

मासे खाऊ नका, असा सरकारी इशारा 1987 मध्ये आला. तोवर खाण बंद पडून टेकडीचं सार्वजनिक उद्यान झालं होतं. पुढे खरीचे काही ढीग उचलले गेले, धरणांच्या तळाशी प्राणवायू सोडायची यंत्रं बसली. पाण्यातलं मिथाइल मर्क्युरी त्याने घटलं. मासे मात्र सावकाश सुधारतात. 2008 मध्ये या खोऱ्यासाठी पाऱ्याची मर्यादा ठरली, तेव्हा 5 ते 15 सेंटिमीटरच्या माशांसाठी ती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली. एवढे छोटे मासे माणसं सहसा खात नाहीत. ते पक्षी खातात, आणि पक्ष्यांना पाटी वाचता येत नाही.